नाताळच्या ब्लँकेट वाटपापलीकडे: बेळगावात उघड्यावर झोपणाऱ्यांसाठी चर्चच्या गटाने काम कसे करावे?

कॅम्पातला_युवक

आमच्या तरुण संघात १४ जण आहेत, कॅथलिक आणि मेथडिस्ट मिळून. आगमनकाळापासून (नाताळाआधीच्या चार आठवड्यांपासून) बेळगावात रात्री उघड्यावर झोपणाऱ्यांसाठी काम सुरू करायचे आहे. रेल्वे स्टेशन, मध्यवर्ती बसस्थानक, खडे बाजार हा पट्टा डोळ्यासमोर आहे. एक ओम्नी मिळते. २४ डिसेंबरला २०० ब्लँकेट वाटावीत असे काहींचे म्हणणे, दर आठवड्याला जेवण द्यावे असे इतरांचे. किती, काय, केव्हा, परवानगी कुणाची, आणि प्रार्थनेचे काय करायचे, हे जाणकारांनी तपशिलात सांगावे.

शहापूरकर

२०० ब्लँकेटांची ऑर्डर आधी थांबवा. माणसे किती आहेत ते मोजलेच नाही, तर आकडा आला कुठून?

सलग तीन रात्री फिरा. वेळ साडेदहा ते साडेबारा. त्याआधी गेलात तर उशिराच्या एसटीची वाट बघणारे प्रवासी, दुकान आवरणारे हमाल आणि खरोखर तिथेच झोपणारे यांतला फरक कळत नाही. तीनपैकी एक रात्र रविवारची ठेवा, बाजार बंद असला की माणसे जागा बदलतात. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या पौर्णिमेच्या आसपास मोजणी करू नका. त्या दिवसांत बसस्थानकावर यात्रेकरूच पथारी टाकून असतात, आकडा फुगतो. शहराबाहेर पालात राहणाऱ्या ऊसतोड कुटुंबांनाही या यादीत घेऊ नका. त्यांच्याकडे चूल आहे, टोळी आहे, मुकादम आहे. त्यांच्या गरजा खऱ्या आहेत, पण वेगळ्या: मुलांची शाळा, गरोदर बायकांची तपासणी. ते काम स्वतंत्रपणे करा.

या तीन रात्री हातात काहीही वाटायला नको. एक वही, दोघादोघांच्या जोड्या. जागा, अंदाजे वय, पुरुष की स्त्री, एकटे की कुटुंब, चालता येते का, जखम दिसते का, एवढेच लिहा. नाव त्याने स्वतः सांगितले तरच. फोटो अजिबात नाही. ही वही एकाच्याच ताब्यात राहील, व्हॉट्सॲप ग्रुपवर तिचे पान जाणार नाही, हे पहिल्याच बैठकीत ठरवा.

टिळकवाडी_किचन

जेवणाचे मी सांगते. ६० जणांसाठी मऊ मुगाची खिचडी: तांदूळ ६ किलो, मूगडाळ २ किलो, गाजर-दुधी-टोमॅटो मिळून ३ किलो, तेल ६०० मिली, पाणी २४ लिटर. मीठ सुरुवातीला २०० ग्रॅम, उरलेले शेवटी चव बघून. सगळे मिळून साधारण ३० किलो होते, म्हणजे माणशी अर्धा किलो. पातेले ५० लिटरचेच घ्या. ४० लिटरचे पुरेल असे वाटते, पण ढवळताना उतू जाते आणि तळ लागतो. तळ लागला तर ढवळू नका, वरची खिचडी दुसऱ्या भांड्यात काढा. नाहीतर करपल्याचा वास सगळ्याला लागतो.

मसालेभात, पुलाव, चपाती हे मनातून काढा. रस्त्यावरच्या म्हाताऱ्यांपैकी पुष्कळांना दात नसतात. चपाती थंड झाली की चिवट होते, आणि ती खिशात जाते, पोटात नाही. तिखट बेताचे ठेवा. सोबत उकडलेले अंडे द्या, पण सोलून देऊ नका. टरफलासकट दिले तर सकाळपर्यंत टिकते. अंडे नको म्हणणारे निघतात, म्हणून केळीही ठेवा.

ओल्या खोबऱ्याची चटणी, दही, ताक नको. दोन तासांत आंबते.

शिजवलेला भात कोमट राहणे हा खरा धोका. तांदळातले काही जंतू शिजवूनही मरत नाहीत. भात तासन् तास कोमट राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. मग भात पुन्हा तापवला तरी ते विष जात नाही. म्हणून अन्न ६० अंशांच्या वर गरम राहिले पाहिजे. खोल थर्मल डब्यात भरा आणि डबा भरण्याआधी त्यात उकळते पाणी दहा मिनिटे ठेवून ओता. पावणेआठला स्वयंपाक उतरला, सव्वाआठला गाडी निघाली, पावणेदहाला शेवटचे ताट गेले, असे वेळापत्रक बसवा. उरले तर दुसऱ्या दिवसासाठी ठेवायचे नाही.

लग्नाच्या हॉलमधले उरलेले अन्न नेण्याचा मोह होतो. किती वाजता शिजले हे आचाऱ्याला विचारा. त्याला सांगता आले नाही तर नेऊ नका. हॉलमधला भात बहुधा दुपारीच उतरवलेला असतो.

प्लास्टिकची ताटे-पिशव्या नकोत, कर्नाटकात त्यांवर २०१६ पासून बंदी आहे. पत्रावळ आणि खोल द्रोण घ्या, आणि दोन मोठी पोती खरकट्यासाठी. जेवण वाटून पत्रावळी तिथेच पडल्या तर दुकानदार सकाळी झोपणाऱ्यांनाच हाकलतात.

वकील_हुक्केरी

परवानगीबद्दल.

रेल्वे फलाट आणि स्टेशनचे आवार दक्षिण पश्चिम रेल्वेच्या अखत्यारीत. आत वाटप करायचे तर स्टेशन व्यवस्थापकाला लेखी अर्ज द्या आणि रेल्वे सुरक्षा दलाला कळवा. परवानगी नसेल तर फाटकाबाहेर उभे राहा. बसस्थानकात आगार व्यवस्थापक. रस्त्यावरच्या वाटपासाठी त्या भागातल्या पोलीस ठाण्याला पत्र द्या: कोण, कोणत्या वारी, किती वाजता, कोणती गाडी. शिक्का मारलेली प्रत गाडीत ठेवा. डिसेंबरमध्ये सुवर्ण विधानसौधमध्ये राज्य विधिमंडळाचे अधिवेशन असते तेव्हा शहरात बंदोबस्त वाढतो. त्या आठवड्यात ठाण्याला आधी फोन करून जा.

नियमित अन्न देणार असाल तर अन्नसुरक्षा नोंदणी करून घ्या. कायद्यातली व्याख्या नफा नसलेल्या कामालाही लागू होते. लहान नोंदणीची फी वर्षाला १०० रुपये आहे.

देणग्यांचे: आखातात नोकरी करणारा, भारतीय पासपोर्ट असलेला नातेवाईक पैसे पाठवतो ते विदेशी देणगीत मोडत नाहीत. पण पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेला गोव्याचा चुलतभाऊ पाठवील तर ते विदेशी स्रोतातून आलेले ठरतात. त्यासाठी २०१० च्या विदेशी देणगी नियमन कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. आपल्या भागात प्रत्येकाचे कोणी ना कोणी गोव्यात असते, म्हणून हे आधीच सगळ्यांना सांगून ठेवा.

मुलांबाबत तर अजिबात घाई नको. एकटे मूल दिसले तर १०९८ या बाल हेल्पलाइनला फोन. २०१५ च्या बालन्याय कायद्यानुसार २४ तासांच्या आत कळवावे लागते आणि पुढचा निर्णय बालकल्याण समिती घेते. हेतू कितीही चांगला असला तरी मुलाला परस्पर घरी, चर्चच्या हॉलमध्ये किंवा ओळखीच्या वसतिगृहात नेऊन ठेवू नका.

परिचारिका_बेळगाव

प्रथमोपचाराच्या पिशवीत: हातमोजे, ५०० मिली सलाइनच्या चार बाटल्या (धुण्यासाठी), निर्जंतुक गॉज, बँडेज, चिकटपट्टी, पोव्हिडोन आयोडीन, ओआरएस, नेलकटर, साबण. गोळ्या वाटू नका. पॅरासिटॅमॉलसुद्धा दारूने यकृत बिघडलेल्या माणसाला अपाय करू शकते.

काही गोष्टी मात्र प्रत्येक स्वयंसेवकाला माहीत हव्यात.

रोज भरपूर पिणाऱ्याला "आजपासून सोड, प्रार्थना करतो" असे सांगून एकदम थांबवू नका. दारू अचानक तुटली की ६ ते ४८ तासांत झटके येऊ शकतात. दोन ते चार दिवसांत भ्रम, थरथर, ताप येऊन जीवही जाऊ शकतो. सोडायची इच्छा असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली. हे भक्तीच्या विरोधात नाही, शरीराचा धर्मच तसा आहे.

कित्येक दिवस उपाशी, हाडे वर आलेला माणूस दिसला तर पोटभर जेवू घालू नका. शरीर उपासाला सरावलेले असते. एकदम भात-साखर पडली की रक्तातले फॉस्फेट आणि पोटॅशियम घसरते आणि हृदय बंद पडू शकते. अर्धी वाटी पातळ पेज द्या आणि १०८ ला फोन करून सिव्हिल हॉस्पिटलला न्या. तिथे सांगा, "पाच दिवस काही खाल्लेले नाही, पितो." हे शब्द महत्त्वाचे. अशा रुग्णाला ग्लुकोजच्या आधी थायमिन (बी१ जीवनसत्त्व) द्यावे लागते.

जखमेत किडे दिसले तर टर्पेंटाइन ओतू नका, हळद भरू नका. सैलसर झाकून सिव्हिलला न्या. पायावरची जखम महिनोन् महिने दुखत नसेल तर मधुमेह किंवा कुष्ठरोगाचा संशय घ्या. दोन्हींत संवेदना जाते. कुष्ठरोगाचे औषध सरकारी दवाखान्यात फुकट आहे. दोन आठवड्यांवर खोकला असेल तर थुंकी तपासायला न्या, क्षयाची तपासणी आणि औषधेही फुकट.

खरूज फार असते. परमेथ्रिन ५ टक्के क्रीम, डॉक्टरला विचारून. मानेपासून पायाच्या तळव्यापर्यंत, बोटांच्या बेचक्यांत, ८ ते १४ तास ठेवून मग अंघोळ, आणि आठवड्याने पुन्हा. शेजारी झोपणाऱ्या सगळ्यांना एकाच दिवशी लावले नाही तर उपयोग शून्य. त्याच दिवशी कपडे बदलून द्या. जुने कपडे-पांघरूण उकळत्या पाण्यात, किंवा घट्ट बांधलेल्या पिशवीत किमान तीन दिवस. दाढी करून देणार असाल तर प्रत्येकाला नवे पाते, अपवाद नाही.

कॅम्पातला_युवक

सिस्टर, धन्यवाद. हे आम्हाला कुणीच सांगितले नव्हते. स्वतःशी बडबडत फिरणारे दोन-तीन जण आहेत, जवळ गेले की ओरडतात. त्यांचे काय?

परिचारिका_बेळगाव

पाठून जाऊ नका, घेरू नका. दोनच जण, पाच-सहा फुटांवर, शक्यतो बसून. पाण्याची बाटली आणि केळे मध्ये ठेवून मागे सरका. सुरुवातीच्या भेटी एवढ्याच. हाक मारायची भाषा बदलून बघा: मराठी, मग कन्नड ("ऊटा आतेन्री?" म्हणजे जेवण झाले का?), मग हिंदी, तेलुगू. ज्या भाषेला मान वळते ती लिहून ठेवा. घर शोधायला तेवढाही धागा पुरतो.

वकील_हुक्केरी

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचे कलम १०० वाचून ठेवा. भटकणारी, स्वतःची काळजी घेऊ न शकणारी व्यक्ती आढळली तर तिला संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात नेणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे. तिला कोठडीत ठेवता येत नाही. ठाण्यात तोंडी सांगितले तर बहुतेक वेळा काही हलत नाही. कलमाचा उल्लेख करून लेखी द्या. सिव्हिलमधून पुढे धारवाडच्या डिमहान्स या सरकारी मनोरुग्णालयात पाठवता येते. फोनवर सल्ला हवा असेल तर टेलिमानस १४४१६.

घर सापडण्याबाबत: सीमाभागात निम्म्या चुका हद्दीमुळे होतात. माणूस चंदगडचा किंवा गडहिंग्लजचा असतो, हरवल्याची तक्रार महाराष्ट्रात असते आणि शोध बेळगाव जिल्ह्यात चालतो. गावाचे नाव कळले की दोन्ही राज्यांतल्या ठाण्यांना कळवा. कर्जतची श्रद्धा पुनर्वसन संस्था (डॉ. भरत वाटवानी, ज्यांना २०१८ साली मॅगसेसे मिळाले) रस्त्यावरच्या मनोरुग्णांना बरे करून घरी पोचवण्याचेच काम करते. त्यांची पद्धत समजून घ्या: आधी उपचार, मग घर. उलटे केले तर माणूस परत रस्त्यावर येतो.

खानापूरची_लेक

ब्लँकेटांवर कोणी बोलले नाही, म्हणून लिहिते.

डिसेंबर-जानेवारीत पहाटे १२-१४ अंशांपर्यंत उतरते. अंगावरच्या पांघरुणापेक्षा अंगाखालचे जास्त महत्त्वाचे असते बघा. शहाबादी फरशी आणि सिमेंट अंगातली ऊब ओढून घेतात. दोन थर पुठ्ठा आणि वर गोणपाट घातले तर एकच ब्लँकेट पुरते. पुठ्ठा फ्रिज-टीव्हीच्या दुकानातून फुकट मिळतो. गोणपाट गणपत गल्लीत किराणा दुकानदारांकडे मागा.

२४ डिसेंबरला वाटू नका. सगळेच तेव्हा वाटतात. एकाच म्हाताऱ्याला चार ब्लँकेट मिळतात. एवढे ओझे त्याला वागवता येत नाही, मग तीन तो विकतो, आणि "हे लोक विकून पितात" असे आपणच म्हणतो. नोव्हेंबरच्या मध्याला एक द्या, जानेवारीच्या शेवटी फाटलेले-हरवलेले बदलून द्या. गडद रंगाचे, हलके, आणि सोबत खांद्याला अडकवायची नाडीची पिशवी. दिवसा ब्लँकेट ठेवायला जागा नसते. रस्ता झाडताना कचऱ्यात जाते ते उघडे पडलेलेच.

आणि जूनला विसरू नका. आपल्याकडचा पाऊस काय सांगावा! भिजलेला माणूस २० अंशांतही गारठतो, आणि ओले ब्लँकेट वाळवायला दोन महिने ऊन नसते. पावसाळ्यात ब्लँकेट नव्हे, ६ बाय ४ फुटांचे मेणकापड, कोरडी लुंगी किंवा साडी आणि रबरी चप्पल द्या. बोटांच्या बेचक्या चिघळून कित्येकांना चालता येत नाही.

बायकांसाठी वेगळे. एकट्या बाईशी पुरुष स्वयंसेवकाने बोलणे सुरू करू नये. पॅड, आतले कपडे, साबण हे कागदी पिशवीत आधीच बांधून ठेवा आणि बाईनेच द्या. "काय हवे?" असे चारचौघांत विचारू नका. त्रास होत असल्याचे तिने सांगितले तर १८१, महिला हेल्पलाइन.

पाळक_सीमाभाग

प्रार्थनेचा प्रश्न विचारलात हे बरे केले.

अन्न आणि प्रार्थना यांच्यात अंतर हवे, वेळेचे आणि जागेचेही. जेवणाआधी हात जोडायला लावायचे नाही. पाकिटात पत्रिका किंवा शुभवर्तमानाची पुस्तिका घालायची नाही. गळ्यात क्रूस असेल तर असू द्या, विचारले तर "आम्ही चर्चचे" असे सरळ सांगा, लपवू नका. कोणी स्वतःहून "माझ्यासाठी मागा" म्हणाले तर तिथेच, हळू आवाजात, त्याच्या भाषेत दोन वाक्ये. डोक्यावर हात ठेवण्याआधी विचारा.

कायद्याची बाजूही आहे. कर्नाटकात २०२२ साली आलेल्या धर्मस्वातंत्र्य कायद्यात आमिषाची व्याख्या फार रुंद होती, भेटवस्तूसुद्धा तिच्यात येत होती. जून २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने तो रद्द करायचे ठरवले. पण हे अंतर कायद्याच्या भीतीने ठेवायचे नाही. ताट हातात असलेला भुकेला माणूस "नको" म्हणू शकत नाही. ज्याला नको म्हणता येत नाही त्याच्याकडून घेतलेला होकार प्रभूला कशाला हवा?

मृत्यूच्या वेळीही हेच. फूटपाथवर कोणी गेलेला आढळला तर हलवू नका, ११२. पंचनाम्यानंतर अंत्यविधीत मदत करा, पण तो ज्या धर्माचा असेल त्याच रीतीने. तुम्ही रोज जेवण देत होता म्हणून तो ख्रिस्ती ठरत नाही.

निपाणीकर

निपाणीसारख्या ठिकाणी पंधराच माणसे आहेत. निवारा केंद्र वगैरे काही नाही. पातेले लावायचे का?

शहापूरकर

नको. पंधरा जणांना घरचे डबे पुरतात. पंधरा घरांनी आठवड्यातून एक डबा. शहरात इंदिरा कँटीन असेल तर तिथे पाच रुपयांत नाश्ता आणि दहा रुपयांत जेवण मिळते. तुमचा वेळ कागदपत्रांत घाला.

शिधापत्रिका महाराष्ट्राची असली तरी एक देश एक शिधापत्रिका योजनेत कर्नाटकातल्या रेशन दुकानात धान्य मिळते, बोटाचा ठसा जुळला की झाले. अर्थात चूल नसलेल्याला तांदूळ देऊन उपयोग नाही, पण झोपडीत किंवा देवळाच्या ओवरीत चूल मांडणारे असतात. मतदार यादीसाठी फॉर्म ६ मध्ये झोपण्याची जागा हाच पत्ता लिहिता येतो. बेघराला पत्त्याचा पुरावा लागत नाही, मतदान केंद्रस्तरीय अधिकारी रात्री येऊन तो तिथे झोपतो का ते बघतो. म्हणून ज्या रात्री अधिकारी येणार त्या रात्री माणूस त्याच जागी असेल हे बघणे, एवढेच तुमचे काम. आधार हरवले असेल तर नवीन काढायला जाऊ नका, तो अर्ज फेटाळला जातो. केंद्रावर बोटांचे ठसे देऊन जुनाच क्रमांक शोधा. हमाली करून ठसे घासलेले असतात. हाताला चार दिवस तेल लावून मग न्या, नाहीतर बुबुळे घ्यायला सांगा.

वकील_हुक्केरी

निवाऱ्याबद्दल एक भर. केंद्राच्या २०१३ च्या नागरी उपजीविका अभियानात एक लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांसाठी कायमचे निवारे, एकेका निवाऱ्यात ५० ते १०० जण, असे प्रमाण धरले होते. बेळगाव महापालिकेला हे प्रमाण दाखवून लेखी विचारा: खाटा किती, बायकांसाठी वेगळी सोय आहे का, रात्री किती वाजेपर्यंत आत घेतात. उत्तर आल्याशिवाय कोणालाही गाडीत घालून नेऊ नका. आणि माणूस जायला नको म्हणाला तर त्याला दोष देण्याआधी कारण विचारा. पहाटे चारला भाजी मार्केटमध्ये हमालीला उभे राहायचे असते, हातगाडी ठेवायला जागा नसते, किंवा नवरा-बायकोला वेगळे झोपवतात.

कॅम्पातला_युवक

आमचा बदललेला बेत असा: ब्लँकेट २०० नव्हे, मोजणी झाल्यावर ठरवू. आठवड्यातून एकच वार, गुरुवार, साडेआठ वाजता, एकाच ठिकाणी. सहा जण वाटपाला, चौघे स्वयंपाकाला, उरलेले चौघे राखीव. बरोबर आहे का?

पाळक_सीमाभाग

राखीव नको. त्या चौघांना सिव्हिलचे काम द्या.

येशूने सांगितलेल्या शोमरोन्याच्या दाखल्यात वाटेत लुटलेल्या माणसाच्या जखमा बांधल्यावर तो शोमरोनी थांबत नाही. माणसाला उतारशाळेत नेतो, दोन दिनार देतो आणि परत येताना उरलेला खर्च देईन म्हणतो. आपले गट नेमके तिथे तुटतात. रुग्णवाहिका बोलावतात आणि घरी जातात.

परिचारिका_बेळगाव

अगदी. सोबत कोणी नसलेला रुग्ण वॉर्डात पाणीसुद्धा मागू शकत नाही, आणि दुसऱ्या दिवशी उठून निघून जातो. चौघांनी सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास अशा पाळ्या लावा. न्यायच्या वस्तू: ताट-पेला, टॉवेल, एक जोडी कपडे, साबण. त्याची गाठोडी, काठी, भांडे कुठे ठेवले ते त्याला दाखवा, नाहीतर त्याच काळजीने तो पळतो. पहिल्याच दिवशी नर्सला तुमच्यापैकी एकाचा नंबर द्या आणि डिस्चार्जच्या आदल्या दिवशी कळवायला सांगा. डिस्चार्ज कार्डाचा फोटो नको, झेरॉक्स काढा. एक प्रत त्याच्या पिशवीत मेणकापडात गुंडाळून, एक तुमच्या फाइलमध्ये. पुढच्या तपासणीची तारीख शक्यतो गुरुवारीच मागून घ्या, म्हणजे रात्री जेवायला आला की गोळ्या घेतल्या का तेही बघता येते.